आधीच्या मालकाची वही

होडी विकत घेतली तेव्हा तिच्याबरोबर आलं:
एक गंजका नांगर, दोन शिडं, त्यातलं एक ठिगळांचं,
अर्धी बाटली रॉकेल,
आणि बाकाखालच्या कप्प्यात
मेणकापडात गुंडाळलेली वही.
पहिल्या पानावर उशियो. आडनाव पाण्यानं खाल्लेलं.

मी आ कोरुन्यात एकतीस वर्षं बस चालवली.
मला थांबे ठाऊक होते.
पाण्याला ब्रेक नसतो,
हे पहिल्याच धक्क्यानं मला धक्का देऊन शिकवलं.
नाळेचा रंग तिथे अजून लागलेला असेल.

“कोर्मे. चार वाव पाणी. तळ चिखलाचा, नांगर धरतो.
पाव चर्चमागे, सहाच्या आधी.”

सहाच्या आधी गेले. चर्चमागे मोबाइलचं दुकान,
तेही कायमचं बंद.
चिखल मात्र तसाच. नांगरानं तो ओळखला,
साखळी ताणली, मग सैलावली,
कूस बदलून माणूस पुन्हा झोपी जावा तशी.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
पाव नाही. चिखल आहे.

“लाशे. दुसऱ्या बोयावर विश्वास ठेवू नको.”

बोया नवा होता, हिरवागार, डोक्यावर सौरदिवा,
शपथ घेतल्यासारखा सरळ उभा.
तरी मी त्याला लांबून वळसा घातला.
मेलेल्याचं की जिवंताचं कोण जाणे,
पण ते अक्षर ओरडून सांगत होतं.

कामारिन्यासला त्याची एकच ओळ:
“बाया लेस विणतात, लाकडी टिपऱ्या वाजतात, झोप चांगली लागते.”
आता एकाच खिडकीतून वाजत होत्या.
तेवढ्या पुरल्या. नऊ तास झोपले,
भरती चुकली.

फिस्तेराच्या टोकाला अख्खं पान दिलंय.
वारा कुठून फिरतो, लाट कशी दुमडते,
आणि शेवटी: “इथे बोलू नये.”
बोलणार कुणाशी?
पण होडी आडवी झाली, केटली पायाशी आली,
तेव्हा दातांत दोर धरून मी म्हणत सुटले
रोसालेस, मोनेलोस, कास्त्रियोन, मायोस,
जुन्या मार्गाचे थांबे, एकही न गाळता,
पुन्हा पहिल्यापासून.
टोक मागे पडलं तेव्हा मी डेपोत पोचले होते.

मग मूरोस.
“इथे थांब.”
बस. खोली नाही, तळ नाही, पाव नाही.
आणि अक्षर त्याचं नव्हतं.
त्याचं मुंग्यांच्या रांगेसारखं, हे मोठं, गोल,
निळ्या शाईतलं.

वारा पडला तेव्हा अंधारत होतं.
दोर मी फेकला तो आखूड पडला.
दुसऱ्यांदा फेकला.
धक्क्यावरच्या म्हातारीनं कांद्यांची पिशवी खाली ठेवली,
दोर झेलला,
न बघता खुंटाला दोन वेढे दिले.
मग शिडाकडे बघितलं.
“तिसरं ठिगळ माझं. दोरा जाड निघाला होता.”

तिनं त्याच्याबद्दल विचारलं नाही.
होडी मी एका दलालाकडून घेतली होती,
मला सांगण्यासारखं काही नव्हतंच.
“अंडी आहेत?” ती म्हणाली.
चार होती.

तिचं नाव एर्मितास. ती होडीत आली
ती डोकं न आपटता. दाराची चौकट बुटकी आहे,
माझ्या कपाळाला अजून टेंगूळ आहे.
कांदे तिनं चिरले, अंडी मी फोडली.
वही टेबलावर उघडीच होती.
कांद्याचा वास लागलेलं बोट त्या दोन शब्दांवर नाही,
पानाच्या कोपऱ्यावर गेलं.
कोपरा दुमडलेला.
मी कधी पाहिलाच नव्हता.

“म्हणजे वाचलं होतं त्यानं,” ती म्हणाली,
आणि मीठ मागितलं.

सकाळी पेन्सिलीला टोक नव्हतं.
तिनं त्याच सुरीनं काढून दिलं.
लिहिलं: ओहोटीला अडीच वाव. चिखल, थोडं शेवाळ.
उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा.
कांदे मिळतात.

वारा निघायला चांगला आहे.
बघू.